नवरदेवाच्या गाडीचा ब्रेक

तमाम ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण आणि आजूबाजूच्या गावांतील रहिवाशांस, लहानथोरांस, विवाहितांस आणि त्या वाटेवर असलेल्या सर्वांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, लग्नसराई पुन्हा सुरू झाली आहे. ज्यांना पळून जाणे शक्य आहे त्यांनी पळून जावे. ज्यांना शक्य नाही त्यांनी निदान आपल्या उजव्या पायाची काळजी घ्यावी.

उजव्याच पायाची का, ते सांगतो. घाई करू नका. मी दमलेला माणूस आहे. परवा संध्याकाळी आमच्या डोंबिवलीच्या गल्लीत एक वरात अडकली. पुढे बँड, दोन्ही बाजूंना डोक्यावर ट्यूबलाइट घेतलेल्या बायका, मध्ये फुलांनी मढवलेली मोटार. सगळे नाचत होते. नवऱ्याचा मामा नाचत होता, मामाचं पोट त्याच्याहून वेगळ्या तालावर नाचत होतं. मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणे फक्त ड्रायव्हरकडे बघत राहिलो. वरातीत न नाचणारा, न हसणारा तो एकटा. गाडी वीतभर पुढे, थांब. आणखी वीतभर, थांब. ब्रेकचं पायडल तासन्‌तास दाबून धरणाऱ्या माणसाचा चेहरा मी कुठेही ओळखतो. ओठ किंचित मुडपलेले, नजर समोर आणि सगळं लक्ष गुडघ्यात.

अण्णांचा चेहरा लग्नसराईत असाच असायचा. अण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही ठाण्याला राहायचो आणि आमच्या दाराशी मोटार उभी असायची. हे वाक्य मी अजून छाती पुढे काढून म्हणतो, कारण त्या आळीत दुसऱ्या कुणाच्या दाराशी साधी म्हैसही नव्हती. मोटार मूळची एका मिठागरवाल्या शेठची. अण्णा तरुणपणापासून त्यांचे ड्रायव्हर. दुसरी मोठी लढाई संपल्यावर शेठ इथला पसारा आवरून आपल्या मुलखात गेले आणि जाताना गाडी अण्णांच्या हवाली करून गेले. लांब नाकाची, मोठ्या दिव्यांची, लढाईच्या आधीची परदेशी गाडी. समोरून पाहिली की निवृत्त हेडमास्तर चष्म्यातून तुमच्याकडे बघताहेत असं वाटायचं. रंग एके काळी मोरपिशी होता असं आई सांगायची. मला आठवतो तो रंग ओल्या पाटीचा.

त्या काळी मोटार थोड्यांकडे होती, पण लग्नात ती सगळ्यांना हवी असायची. होळी झाली की आमच्या ओट्यावर माणसं येऊन बसायला लागत. 'अण्णा, आमच्या बाब्याला तुमचीच गाडी पाहिजे.' मग ठाण्यापासून कल्याणपर्यंत, खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे, अण्णा नवरदेव वाहून न्यायचे. त्या भागातले निम्मे संसार आमच्या मागच्या सीटवरून सुरू झाले असतील, आणि त्यातले काही तिथेच संपले असते तर बरं झालं असतं असं अण्णा म्हणायचे. अर्थात घरी आल्यावर, आणि आई आत असताना.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. मॅट्रिक झालेलो, नोकरीचे अर्ज करून थकलेलो. अण्णांची एकच इच्छा होती की मी स्टिअरिंग हातात धरू नये, पंख्याखाली बसून लिहावं. पंखा मिळेपर्यंत मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचो. गाडीला हार बांधायचे, करवल्यांना दार उघडून द्यायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, ही माझी कामं. आता डोळे मिटले की त्या हंगामाचा वास येतो. झेंडू, पेट्रोल, मोगऱ्याचं अत्तर आणि तुपातली बुंदी, सगळं उन्हात एकत्र शिजलेलं. रोज तेच जेवण, तीच सनई, तोच भटजींचा घाईचा सूर. मांडवाच्या सावलीला गाडी लावून अण्णा बसल्या बसल्या झोपायचे, टोपी डोळ्यांवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बॉनेटवरचा हार त्यांच्यासारखाच मान टाकून पडलेला. बाहेर अक्षता पडत आणि आम्ही दोघे आत घामात पोहत असू.

आणि मग ते नाटक. गाडीतून उतरताना अण्णा सीटवर पुरते वळून आधी डावा पाय बाहेर टाकायचे, मग खाली वाकून उजव्या पायाच्या पँटची इस्त्री नीट करायचे. पँटला इस्त्री आहे की नाही हा प्रश्न गौण. दोन्ही हातांनी ते ती चुणी मांडीखालून धरत आणि पाय अलगद उचलून जमिनीवर ठेवत. इतकं सफाईदार काम मी रंगभूमीवरसुद्धा पाहिलं नाही. माणसं म्हणायची, अण्णा कपड्यांच्या बाबतीत फार काटेकोर. मीही बरेच दिवस तेच समजत होतो.

गुडघा गेला होता. वर्षानुवर्षं त्या जुन्या ब्रेकवर जोर देऊन तो झिजला होता. आणि गाडीचा ब्रेकही त्याच वेळी म्हातारा होत होता. त्या गाडीला तेलाचे ब्रेक होते. पायडल दाबलं की मास्टर सिलिंडर नावाची एक लोखंडी पिचकारी तेल ढकलते, ते नळ्यांतून चारी चाकांकडे जातं आणि चाकं आवळली जातात. ही पिचकारी गळायला लागली होती. नवीन मिळत नव्हती, कारण गाडी बनवणाऱ्यांनाच आता त्या गाडीची ओळख नव्हती. एकदा पायडल दाबून भागत नसे. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, मग त्यावर जवळजवळ उभं राहायचं. कळव्याच्या रेल्वे फाटकापाशी एकदा आम्ही थांबलो तेव्हा बंपर फाटकाच्या दांड्याला टेकला होता. फाटकवाला शांतपणे खिडकीशी आला आणि म्हणाला, "अण्णा, मोडायचंच असेल तर आधी सांगत जा. मी तोवर चहा पिऊन येतो."

त्या दिवशी जेवताना अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, "एवढा हंगाम काढू. मग गाडी काढून टाकू."

आई वाढता वाढता थांबली. "आणि तुम्ही काय करणार?"

"बसेन ओट्यावर. पेपर वाचेन."

अण्णा पेपर कधी वाचत नसत. ते गाडी चालवत. आळीत त्यांना कुणी आडनावाने हाक मारली तर ते वळूनही बघत नसत. 'मोटारवाले अण्णा' म्हटलं की लगेच हसायचे. मोटार गेली की त्या हाकेतलं काय उरणार होतं, हे आम्ही तिघांनीही त्या दिवशी भाताबरोबर गिळलं.

यावर उपाय घेऊन आला तो माझा दामूमामा. आईचा धाकटा भाऊ, ठाकुर्लीला फिटर. मामाला जगातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता यायची, आणि त्यातल्या काही नंतर चालतही. तो आला, गाडीखाली शिरला आणि नुसते पाय बाहेर ठेवून बोलायला लागला.

"भावोजी, तुमचा पाय झकास आहे. सिलिंडर म्हातारा झालाय."

"पायाचा काही प्रश्नच नाही," अण्णा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

"मग मी एवढा जोर लावतो तो जातो कुठे?"

"तेलाबरोबर गळून जातो. याला मोठा सिलिंडर पाहिजे, मिलिटरी ट्रकचा. आणि त्याच्या जोडीला बूस्टर. मग तुम्ही पायडलवर नुसता पाय ठेवायचा, राजासारखा."

दाराआडून आई खोकली. ती खोकली की मामा काम करायचा, आणि अण्णा नाही म्हणायचे नाहीत.

लढाईच्या वेळी कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. लढाई संपली, सैनिक गेले, त्या बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले, आणि गंजलेले ट्रक भंगाराच्या दुकानांत आले. मी आणि मामा तिथे गेलो. उन्हात तापलेल्या लोखंडाच्या ढिगाऱ्यात मामा ज्या आनंदाने शिरला, त्या आनंदाने माणसं हुरडा खायला शेतात शिरतात. अखेर त्याने एक जाडजूड सिलिंडर आणि एक काळा, चपटा डबा ओढून काढला. दोन जेवणाची ताटं तोंडाला तोंड लावून जोडावीत तसा तो डबा दिसत होता. दुकानदाराने त्यावर थाप मारली. "ये तो शेर है, साब. पूरा ट्रक रोकता था."

"आमच्याकडे नवरदेव थांबवायचेत," मामा म्हणाला. "ते ट्रकपेक्षा कठीण."

घरी आल्यावर मामाने अंगणात त्या डब्यावर व्याख्यान दिलं. इंजिन चालू असलं की ते हवा ओढत असतं. ती ओढ एका नळीने डब्यात येते आणि पायाच्या जोराला हात देते. तुम्ही इशारा करायचा, मेहनत डबा करतो. मी विचारलं, "आणि इंजिन बंद असलं तर?"

"तर डब्यात एक-दोन दाबांपुरती ओढ शिल्लक असते. ती संपली की डबा झोपतो, आणि उरतो ट्रकचा सिलिंडर. मग दोन पैलवान बोलवा. म्हणून सांगतो भावोजी, उतारावर इंजिन बंद करायची तुमची ती सवय सोडा."

ती सवय लढाईतली. पेट्रोल कूपनवर मिळायचं तेव्हा अण्णा प्रत्येक उतारावर इंजिन बंद करून गाडी घरंगळत न्यायचे. कूपनं गेली, सवय राहिली होती. अण्णांनी मान हलवली. आईने मला, अण्णांना ऐकू जाईल अशा बेताने, बजावलं. आठवडाभर आमच्या घरात उठता बसता एकच मंत्र होता: उतारावर इंजिन बंद करायचं नाही.

डबा बसला. हँडब्रेकची तार त्याच्या आड येत होती, ती मामाने सोडवून गुंडाळून ठेवली. "तात्पुरती," तो म्हणाला. आमच्या घरात तात्पुरत्या केलेल्या गोष्टींना फार दीर्घायुष्य लाभे.

मग नळ्यांतली हवा काढायचं काम. हवा राहिली तर ब्रेक पावासारखा मऊ होतो. एकाने पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी एक छोटा स्क्रू सैल करून हवा जाऊ द्यायची, स्क्रू आवळायचा, मगच पहिल्याने पाय सोडायचा. असं चारी चाकांना, कंटाळा येऊन पुन्हा कंटाळा येईपर्यंत. मामा चाकापाशी, मी वरून तेल ओतायला, आणि पायडलवर अण्णा. थोड्या वेळाने अण्णा "हात धुऊन येतो" म्हणून नळाकडे गेले ते आलेच नाहीत. आईने पदराला हात पुसले, लुगडं सावरलं आणि मला म्हणाली, "सदू, बाजूला सर. मी बसते."

माझी आई आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसली. आळीच्या खिडक्या भराभर उघडल्या.

"दाब, ताई!" चाकापासून मामा.

"दाबलं!"

"धर!"

"धरलंय रे!"

"अगं, जोर लाव की! पोळ्या लाटत नाहीयेस!"

"तू ये इथे बसायला, मी पोळ्यांनीच तुला हाणते!"

समोरच्या काकू कडेवरच्या नातवाला सावरत पुढे आल्या. "काय हो वहिनी, कुठे निघालात?"

"कल्याणला!" आई म्हणाली. "वाटेत सोडू का तुम्हाला?"

सगळे हसले. आईही हसली. मग तिसऱ्या चाकाच्या वेळी तिचं हसणं हळूहळू बंद झालं. इंजिन बंद होतं, सिलिंडर ट्रकचा होता. तिच्या कपाळावर घाम आला होता. तिने हळूच मला विचारलं, "एवढा जोर? दर वेळी?"

"हे नवीन जड आहे, आई. इंजिन चालू झालं की हलकं होईल."

"आणि जुनं?"

मी तेलाची बाटली बघत राहिलो. तिने नळाकडे पाहिलं. अण्णा तिथे उभे होते, एका पायावर भार देऊन, भिंतीला हात लावून. हात कोरडेच होते.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांचं ताट पाटासमोरून उठलं आणि खुर्चीसमोर स्टुलावर आलं. "पाटाचा पाय डुगडुगतो," एवढंच आई म्हणाली. पाटाचा पाय कधी डुगडुगत नव्हता. अण्णांनी खाली वाकून पाट हलवून पाहिला, "हो, डुगडुगतो खरा," म्हणाले आणि खुर्चीवर बसले. दोन माणसं इतक्या सभ्यपणे एकमेकांशी खोटं बोलताना मी पुन्हा पाहिली नाहीत.

नव्या ब्रेकने अण्णा दहा वर्षांनी लहान झाले. रस्त्यात काही नसताना ते गाडी थांबवायचे, फक्त ती थांबते हे बघायला. कुत्रा दिसला की थांब. पाटीवाली दिसली की थांब, आणि तिला "जा, बाई, जा," असं हात हलवून सांगायचं. पारसिकच्या उतारावर त्यांनी इंजिन चालू ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, सवय सोडली. उतरताना इस्त्रीचं नाटक मात्र चालूच होतं. डबा पायडलला हात देत होता, गुडघ्याला नवा गुडघा देत नव्हता. पण गाडी विकायची गोष्ट निघेनाशी झाली. समोरच्या काकूंनी पुढच्या हंगामाचं विचारलं तर अण्णा म्हणाले, "या की. आम्ही कुठे जातोय?"

आता माझाही गुडघा सकाळी उठताना आवाज करतो. जिना चढताना मी मधल्या वळणावर थांबतो आणि खिशात किल्ली शोधतो. किल्ली हातातच असते. मुलगा विचारतो, "बाबा, पिशवी द्या ना इकडे." मी म्हणतो, "अरे, हलकी आहे." थकवा अंगात भरतो तेव्हा माणूस त्याला आधी कसली तरी इस्त्री करतो. मांडीखालून धरतो आणि अलगद उचलून ठेवतो. आपल्याला वाटतं कुणाला दिसत नाही. घरातल्या पाटांचे पाय उगाच डुगडुगायला लागले की समजावं, सगळ्यांना दिसतंय.

असो. त्या हंगामाच्या शेवटाकडचं एक लग्न. कोलशेतच्या बाजूला, खाडीकाठचं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून मला ओळखतात. नवऱ्याचं घर पिढीजात मिठागरातलं. नवरदेव आमच्या गाडीत, शेजारी त्याची धाकटी बहीण करवली म्हणून, मांडीवर नारळ ठेवलेला पाण्याचा करा. त्या गावची एक रीत होती. पूर्वी नवरा बैलगाडीतून यायचा आणि वेशीपासून मांडवापर्यंत बैलांची वेसण भावकीतले तरुण धरायचे. बैलगाडी जाऊन मोटार आली, पण मान तसाच राहिला. वेशीवर इंजिन बंद करायचं आणि मोटार भावकीच्या पोरांनी ढकलत मांडवापर्यंत न्यायची. नवरा यंत्राने येत नाही, आपल्या माणसांच्या हातांनी येतो, असं काहीसं.

ऊन उतरायला लागलं होतं. खाली मिठागरं अशी चमकत होती की डोळे मिटून घ्यावेसे वाटत. मिठाचे ढीग, त्यांच्यामागे खाडी, ढिगांच्या अलीकडे मांडव. वेशीवर गाडी थांबली. नवऱ्याचे वडील खिडकीशी आले. "अण्णा, नवा बिरेक घातलाव म्हनं?"

अण्णा याच प्रश्नाची वाट बघत होते. इंजिन त्यांनी रीतीप्रमाणे बंद केलं आणि मग पायडल दाबून दाखवलं. "हे बघा. फुलावर पाय ठेवल्यासारखं." पुन्हा दाबलं. "बघितलंत?" आणखी एकदा दाबलं.

मी शेजारीच होतो. मंत्र मला पाठ होता, अण्णांनाही पाठ होता. पण तो गाडी चालवण्याचा मंत्र होता, आणि हे काही गाडी चालवणं नव्हतं. हा मान होता. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेकची तार मामाच्या कृपेने गुंडाळलेली, डब्यातली ओढ अण्णांच्या अभिमानाने संपवलेली. आणि वेशीपासून मांडवापर्यंतचा रस्ता खाडीकडे उतरत जाणारा.

बँड सुरू झाला. पोरांनी खांदे लावले. गाडी हलली, आणि लवकरच स्वतःच्या मनाने चालायला लागली. मागून आनंदाची आरोळी आली, "लई हलकी झाली रं गारी!" "जोर लावा, जोर!" गाडी त्यांच्या हातांपुढे पळत होती आणि ते आपणच ढकलतोय अशा समजुतीने मागे धावत होते.

"दादा," करवली म्हणाली, "गारी पलते."

"गप बस," नवरदेव म्हणाला. "बँड ऐक."

अण्णांनी पायडल दाबलं. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं, कारण पायडल हलत नव्हतं. पायाखाली मसाला वाटायचा पाटा ठेवावा तसं ते पायडल घट्ट झालं होतं. त्यांनी गिअर टाकायचा प्रयत्न केला. दातांवर दात घासल्याचा आवाज आला आणि गिअर पडला नाही. इंजिन चालू करायला हात स्टार्टरच्या कळीकडे नेला, पण उतारावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागत होतं. हॉर्न दाबला. बँडवाल्यांना वाटलं, कुणीतरी साथ देतंय. ते खूष होऊन आणखी जोरात वाजवायला लागले. बँडच्या सगळ्यात मागे एक मोठा ढोलवाला चालत होता, पाठ आमच्याकडे, मान तालावर हलवत. त्याची पाठ मोठी मोठी होत चालली. त्याच्या पुढे मांडवाच्या तोंडाशी बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या, पायांशी पोरं.

आणि मग मी तो पाय पाहिला. पँटच्या चुणीबिणीचं सगळं नाटक बाजूला पडून तो पाय गुडघ्यापासून थरथरत होता, ताटातल्या दह्यासारखा. अण्णांनी डावा पायही त्यावर ठेवला. पायडल थोडं गेलं. पुरेसं नाही. त्यांनी माझ्याकडे न बघता ओरडून काहीतरी म्हटलं. काय, ते सांगतो. एवढं राखून ठेवू द्या.

मी सीटवरून सरकलो आणि माझे दोन्ही पाय त्यांच्या पायांवर घातले. सीटच्या पाठीला पाठ लावून आम्ही दोघांनी दाबलं. चार पाय, एक पायडल. टायर मातीत घासले. गाडी थांबली. बंपरला बांधलेला झेंडूचा हार पुढे झुलला आणि ढोलवाल्याच्या पोटरीला लागला. त्याने मागे न बघता, ताल न चुकवता, एका हाताने पोटरी खाजवली आणि तो पुढे चालत राहिला.

"थांबली का रं?" मागे पोरांचा हिरमोड झाला होता. बायकांनी चाकांवर पाणी घातलं, गाडीवरून नारळ ओवाळला. नवरदेवाच्या मुंडावळ्या सरळ होत्या, करा करवलीच्या मांडीवर, नारळ कऱ्यावर. काही झालं हे कुणालाच कळलं नव्हतं. मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली आणि आम्ही दोघे बंद गाडीत बसून राहिलो. माझे पाय अजून अण्णांच्या पायांवर होते. मी ते काढले. अण्णांनी डावा पाय बाहेर टाकला. मग वाकले नाहीत. चुणी नीट केली नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी फिरून त्यांच्या बाजूला आलो, दोन्ही हातांनी त्यांचा उजवा पाय उचलला आणि जमिनीवर ठेवला. जड होता. माणसाचा एक पाय इतका जड असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

मामाने दुसऱ्याच दिवशी हँडब्रेकची तार बसवली. मग त्याने वेशीवर इंजिन बंद न करता मान कसा द्यायचा यावर एक व्याख्यान दिलं, ते कुणी ऐकलं नाही. त्यानंतर अण्णांनी गाडी चालवलीच नाही असं सांगितलं तर गोष्टीला शोभेल, पण तसं झालं नाही. हंगामाची उरलेली लग्नं त्यांनीच चालवली, घेतलेली होती. मी शेजारी बसलो, पाय तयार ठेवून. शेवटचं लग्न झालं, नवराबायको उतरले, आणि अण्णा गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. मी उजवीकडे सरकलो. मला पुढे पंख्याखालची नोकरी लागली, तरी सुटीच्या दिवशीची लग्नं मी केली. अण्णा शेजारी बसायचे, टोपी डोळ्यांवर ओढून, आणि समोर कुणी आडवं आलं की त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेवर दाबला जायचा. आळी त्यांना मोटारवाले अण्णाच म्हणत राहिली.

तर, ते काय ओरडले. यावर त्या गावात अजून मतभेद आहेत. नवरदेव आता आजोबा झालाय. तो म्हणतो, अण्णांनी देवाचं नाव घेतलं, म्हणूनच त्याचा संसार सुखाचा झाला. करवली म्हणते, चांगली शिवी होती, दादाला ऐकू आली नाही एवढंच. ढोलवाला म्हणायचा की नवऱ्याच्या नावाचा जयघोष होता. मी त्यांच्यापैकी कुणालाही कधी दुरुस्त केलं नाही. पण मी शेजारी होतो. बँडच्या वर आवाज चढवून, पोटातून, सगळ्या गावासमोर अण्णा ओरडले होते, "सदू, पाय दे रे तुझा! माझ्यानं नाही होत आता!"